रहस्य कादंबरी संपल्यावर वाचक मागची पानं का उलटतो

पुसद तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे: "गावातल्या खुनावर रहस्य कादंबरी लिहितो आहे. अडीचशे पानं झाली. शेवटपर्यंत खुनी कुणालाही ओळखू येणार नाही याची पूर्ण काळजी घेतली आहे. पण वाचायला दिलेले दोन्ही मित्र म्हणाले, चांगली आहे, पण मजा नाही आली. कुठे चुकलं असेल? आणि संवाद वऱ्हाडीत ठेवू की प्रमाण मराठीत?"

सर, तुमच्या प्रश्नातलं "कुणालाही ओळखू येणार नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मित्रांना मजा का आली नाही, याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. २६ वर्षं गावचं सार्वजनिक वाचनालय सांभाळलं. ड वर्गाचं, एक खोली, चार कपाटं, वर टिनाचं छप्पर. तिथल्याच टेबलावर बसून सात रहस्य कादंबऱ्या लिहिल्या. लिहायला मला शिकवलं ते पुस्तक परत करायला येणाऱ्या माणसांनी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या जेवढ्या आमच्या कपाटात होत्या, तेवढ्या लोकांनी पानं सुटेपर्यंत वाचल्या. "भारी होतं, दुसरं द्या" म्हणत त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घरोघर फिरले. तो आनंद खरा आहे आणि वेगाने वाचायची सवय आमच्या दोन पिढ्यांना त्याच पुस्तकांनी लावली.

पण काही पुस्तकांच्या बाबतीत वेगळं घडायचं. माणूस पुस्तक द्यायला हात पुढे करायचा आणि परत मागे घ्यायचा. मधलंच एखादं पान काढून त्यावर बोट ठेवायचा. "हे पाहा ताई, अठीच सांगून ठेवलं होतं त्यानं. म्या वाचलं अन् समोर गेलो." फसल्याचा राग त्याच्या आवाजात नसायचा. लेखकाने आपल्याशी सरळ व्यवहार केला आणि तरीही आपल्याला चुकवलं, याचा एक प्रकारचा मान असायचा. रहस्य कादंबरीतलं समाधान मी ह्यालाच म्हणते. खुन्याचं नाव कळल्याचा धक्का पानभर टिकतो. मागची पानं उलटायची ओढ मात्र रात्री अंथरुणावरही जात नाही.

खुनी ओळखू येऊ नये एवढीच अट असेल तर लेखकाला काहीच कष्ट नाहीत. खुन्याबद्दल काही सांगायचंच नाही, की झालं. माझ्या पहिल्या कादंबरीत मी नेमकं तेच केलं होतं. खुनी निघाला नागपूरहून आलेला जमिनीचा दलाल, आणि तो पहिल्यांदा दिसतो अठराव्या प्रकरणात. मला वाटलं, काय धक्का दिला! जिनिंगमधून निवृत्त झालेले एक काका पुस्तक घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, "बाई, हा मानूस सतरा प्रकरणं होता कोठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ज्यांच्यावर संशय घेत बसले होते, तो पोलीस पाटील, ती धाकटी सून, तो सालदार, त्या सगळ्यांबरोबर घालवलेला त्यांचा वेळ मी वाया घालवला होता.

पुढे कळलं की हे दुखणं जुनं आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी, जे स्वतः रहस्य कादंबऱ्याही लिहायचे, अशा लेखनासाठी दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेत लवकर यायला हवा. शिवाय अलौकिक शक्तीने उकल नको, योगायोगाने शोध लागायला नको, कुणाला ठाऊक नसलेलं विष नको, आणि शोध घेणाऱ्याला सापडलेली वस्तू वाचकालाही तिथल्या तिथे दिसली पाहिजे. सगळे दहा नियम आज पाळावेत असं मी म्हणणार नाही, काही तर त्या काळातच ठेवावे असे आहेत. पण हे चार-पाच आमच्या गावालाही लागू पडतात. अंगात आलेल्या बाईने खुन्याचं नाव घेतलं आणि तेच खरं निघालं, असं लिहिलंत तर देवभोळा वाचकसुद्धा पुस्तक मिटतो. खऱ्या आयुष्यात तो कौल लावायला जाईल, पण कादंबरीत त्याला स्वतःच्या डोक्याने जिंकायचं असतं.

आता खरा प्रश्न. खुनी समोर ठेवायचा, खुणाही समोर ठेवायच्या, आणि तरी वाचकाची नजर त्यावर थांबू द्यायची नाही. हे कसं करायचं? यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझी बहुतेक मेहनत इथेच गेली.

माझ्या चौथ्या कादंबरीत जानेवारी महिना आहे. हरभरा फुलावर, गहू गुडघ्याएवढा. विहिरीजवळ एका शेतकऱ्याचा मृतदेह सापडतो. त्याचा चुलतभाऊ जबाबात सांगतो: मी दुपारी दोनच्या सुमारास माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, होतो, पण त्याच्या विहिरीवरची मोटर चालू होती, तिच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. जबाब साधा, पटणारा. वाचक तो स्वीकारून पुढे जातो.

आता तिसऱ्या प्रकरणात, खुनाच्या आदल्या संध्याकाळी, मेलेल्या माणसाची बायको शेजारणीजवळ बोलते: "सोमवारपासून रातची लाईन हाय. एक वाजता उठतेत अन् बॅटरी घेऊन जातेत. मले डोळा लागत नाही वो, परवाच गव्हात नाग निंगाला होता."

रातची लाईन म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या दिवसांत रात्रीची पाळी, त्या दिवसांत दुपारी दोनला विहिरीवरची मोटर चालूच शकत नाही. म्हणजे चुलतभाऊ खोटं बोलतो. पुरावा तिसऱ्या प्रकरणात, अगदी उघड्यावर, त्या बाईच्या पहिल्याच वाक्यात पडलेला आहे. पण वाचकाचं मन कुठे गेलं? नागाकडे. अंधारात पाणी द्यायला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईकडे. त्या बोलण्याला तिथे स्वतःचं काम आहे, ते तिची काळजी सांगतं. जी ओळ केवळ खूण म्हणून आलेली असते ती वाचकाला लगेच टोचते. जी ओळ आधी कुणाचं तरी दुःख, राग, हौस, हिशेब सांगते आणि जाता जाता खूणही ठेवून जाते, ती पचते. आणि खुणेच्या लगेच मागे तिच्याहून जड काहीतरी ठेवावं. इथे नाग आहे.

ही कादंबरी छापायला देण्याआधी मी गावातल्या एका वयस्क कास्तकाराला वाचायला दिली. चष्मा पुसत, ओटीवर बसून, चार दिवसांत वाचली. नागाच्या ओळीवर ते फसले आणि मनापासून हसले. मग म्हणाले, "सारं बराबर हाय पोरी, पन एक सांग. कंडेन्सर लावून मोटर चालवनारे लोकं काय मेले काय?" मी गप्प. पुरती थ्री फेज नसतानाही कंडेन्सरच्या जोरावर मोटर ओढणारे लोक असतात, हे मला ठाऊक होतं, सुचलं नव्हतं. चुलतभावाचं खोटं सिद्ध करणारी माझी सगळी मांडणी ह्या एका प्रश्नावर ढासळत होती. मी पाचव्या प्रकरणात एक जागा वाढवली: कंडेन्सरच्या खेळात मोटर जळाली, वायंडिंगला पैसे गेले, आणि तेव्हापासून त्या घरात कंडेन्सरला कुणी हात लावत नाही. तो प्रसंग नवरा-बायकोच्या भांडणात आला, म्हणून तोही खपला. पुस्तक पक्कं झालं ते त्या म्हाताऱ्या माणसामुळे.

ह्यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. आपल्या वाचकाला त्याच्या कामातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्याच्या कामातूनच उकल निघाली तर त्याला होणारा आनंद दुसऱ्या कशाने होत नाही. "हे तर मले माहीत होतं!" असं तो म्हणतो. दुसरी गोष्ट उलट दिशेची. पुण्याच्या वाचकाला लाईनची पाळी ठाऊक नसते. त्याला ती उकलीच्या प्रकरणात समजावून सांगितली तर त्याच्यावर अन्याय होतो, कारण त्याला आधी ओळखायची संधीच मिळाली नाही. म्हणून मी पहिल्या प्रकरणांतच सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या तोंडी "मामा, रात्री कशाला पाणी देता?" हा प्रश्न घातला आणि मामाने दोन वाक्यांत उत्तर दिलं. जे विशेष ज्ञान उकलीला लागणार आहे, ते उकलीच्या बरंच आधी, सगळ्यांना सारखं वाटून टाका.

असं ज्ञान आपल्या भागात भरपूर पडलेलं आहे, शहरातून उसनं आणायची गरज नाही. सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला असतो आणि काट्यावर जास्त भरतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. मग कोण किती वाजता वावरात होतं हे गाठोड्याच्या वजनावरूनही कळू शकतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-गोंदियाकडच्या जंगलात उजाडायच्या आत माणसं असतात. तिथे "पहाटे कुणीच नव्हतं" म्हणणारा साक्षीदार संशयास्पद ठरतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण ज्या वावरात उन्हाळी भुईमुगाला पाणी चालू आहे तिथे तशा पडत नाहीत. "किल्ली भेगेत पडली" म्हणणाऱ्याला कोणतं वावर, एवढंच विचारा.

आणि ऊन. शहरी कादंबऱ्यांतून उचललेली एक चूक मी आपल्याकडच्या हस्तलिखितांत वारंवार पाहते: डॉक्टर मृतदेहाचं तापमान पाहून मृत्यूची वेळ सांगतात. शरीर थंड होतं ते भोवतालची हवा त्याहून थंड असते म्हणून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि जिवंत शरीर असतं ३७ च्या आसपास. उघड्या वावरात पडलेलं प्रेत दुपारी थंड व्हायचं कसं? उन्हाळ्यात अंग ताठरण्याची क्रियाही लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. म्हणजे मे महिन्यातला वैद्यकीय अंदाज फार सैल असतो, आणि तो सैलपणाच लेखकाच्या कामाचा आहे. खुन्याला हे ठाऊक असेल तर तो मेच निवडेल.

पोलिसांच्या कामाचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या कथेत पोलीस पाटील असणारच. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. पोलीस पाटलाने ठाण्याला खबर द्यायची, जागा राखायची; तपास ठाणेदाराचा. संशयास्पद मृत्यूचा आधी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जातं. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत गेला की अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पडत नाही. ह्या अडचणी टाळू नका. पोलीस पाटलाला अधिकार कमी पण प्रत्येक घराची माहिती जास्त, ही त्याची स्थिती रहस्यकथेसाठी फार चांगली आहे.

चकव्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माझा अंदाज आहे की तुमच्या अडीचशे पानांत तीन-चार खोटे संशयित असतील आणि शेवटी ते नुसते सुटून जात असतील. रात्री पांदणीत चकवा लागलेला माणूस पहाटे तरी घरी पोचतो. खोट्या वाटेवर नेलेल्या वाचकालाही कुठेतरी पोचवावं लागतं. माझ्या एका कादंबरीत थोरला मुलगा रात्री दोन वाजता बंडी जुंपून नाल्याकडे जाताना दिसतो आणि विचारल्यावर खोटं बोलतो. प्रेत हलवलं असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याने बापाला न सांगता खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला घरचा कापूस विकलेला असतो, पडत्या भावाने, कारण बहिणीच्या सासरचे दवाखान्याच्या खर्चाला पैसे देत नव्हते. खुनाशी संबंध काहीच नाही. पण ते उलगडल्यावर बाप अंगणात बसतो आणि पोराकडे पाहत नाही, पैसे किती आले एवढंच विचारतो. खुन्यापेक्षा ह्या प्रसंगाबद्दल लोक माझ्याशी जास्त बोलले. प्रत्येक खोट्या संशयिताकडे लपवण्यासारखं खरं काहीतरी असू द्या. मग वाचकाचा वेळ वाया जात नाही. त्याला एका खुनाच्या निमित्ताने आठ घरांचे दरवाजे उघडून मिळतात.

खुनाचं कारणही असंच घरातलं हवं. शेवटी "तो वेडा होता" असं निघालं की वाचकाचा हिरमोड होतो, कारण वेड्याच्या मागे जायला वाट नसते. आपल्याकडे धुरा, पांदण, वाटणी, सातबाऱ्यावरचा फेरफार ह्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरतात. पण हातभर धुऱ्यासाठी खून झाला, एवढं लिहून पुरत नाही. त्या हातभर जागेवर काय काय साचलं ते दाखवावं लागतं. बापाला भर पंचायतीत खाली बसवलं होतं, आईच्या तेरवीला ते घर आलं नव्हतं, पोळ्याच्या तोरणात बैल मागे ठेवायला लावले होते. हे तुकडे वेगवेगळ्या प्रकरणांत, वेगवेगळ्या तोंडून येऊ द्या. उकल झाल्यावर वाचकाने म्हणायला हवं, चुकीचं केलं त्याने, पण कळलं मला.

तुमच्या शेवटाबद्दल एक शंका. बऱ्याच हस्तलिखितांत खुनी ठाण्यात ठाणेदारासमोर सगळं कबूल करतो आणि कादंबरी संपते. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ तेच सांगतं. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला भागच तेवढा ग्राह्य. कायद्याची ही अट लेखकाच्या फायद्याची आहे. ती तुम्हाला कबुलीऐवजी वस्तू शोधायला लावते: कोनाड्यातली बॅटरी, जळका कंडेन्सर, काट्यावरच्या वजनाची चिठ्ठी. आणि ती वस्तू वाचकाने आधी पाहिलेली असली, तर मागचं पान उलटलं जातं.

उकल झाल्यावर लगेच थांबू नका. शहरातल्या कथेत खुनी गाडीत बसून जातो. आपल्याकडे त्याचं घर त्याच गल्लीत राहतं. त्याच्या गोठ्यातल्या बैलांना दुसऱ्या दिवशी वैरण कुणीतरी टाकावी लागते. आमच्या वाचनालयात बाया पुस्तक परत करताना हेच विचारायच्या: "मंग त्याच्या पोरीचं काय झालं वो?" पाच-सहा पानं पुरतात. माझ्या चौथ्या कादंबरीत मेलेल्याची बायको रात्री एक वाजता स्वतः बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघते, आणि खुन्याची बायको काही न बोलता तिच्या मागून धुऱ्यापर्यंत चालत जाते. दोघींमध्ये एकही शब्द मी घातला नाही.

वऱ्हाडीबद्दल: संवाद वऱ्हाडीतच ठेवा, निवेदन तुम्हाला जमेल त्या मराठीत. फक्त सगळ्यांना एकाच साच्यातली वऱ्हाडी देऊ नका. शिकलेली सून, ठाणेदार, चंद्रपूरकडून आलेला मजूर वेगळं बोलतील, आणि कुणाच्या तरी तोंडी चुकून आलेला परगावचा शब्द हीही खूण होऊ शकते. मात्र निवेदनात खोटं बोलू नका. पात्रांनी हवं तेवढं खोटं बोलावं, पण "तो रात्रभर घरीच होता" असं तुम्ही लेखक म्हणून लिहिलंत, तर ते खरं असलं पाहिजे. "तो म्हणाला, मी रात्रभर घरीच होतो" असं लिहिलंत तर तुम्ही मोकळे.

आता त्या अडीचशे पानांचं काय करायचं. फाडू नका. शेवटची दोन प्रकरणं बाजूला काढून ठेवा आणि उरलेलं हस्तलिखित शेती करणाऱ्या दोन आणि न करणाऱ्या दोन माणसांना द्या. वाचून झाल्यावर खुनी कोण हे विचारू नका. कुणाकुणावर संशय आला, कोणत्या पानावर आला आणि कोणत्या पानावर सोडून दिला, हे विचारा आणि लिहून घ्या. खऱ्या खुन्याचं नाव चौघांपैकी एकाच्याही तोंडी कुठल्याच पानावर आलं नाही, तर तुमच्या खुणा कागदावर उतरलेल्याच नाहीत, त्या अजून तुमच्या डोक्यात आहेत. सगळ्यांनी पन्नासाव्या पानावर नाव घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही, तर नाग कमी पडला. एखाद्याने संशय घेतला, मग काही वाचून सोडून दिला, असं दिसलं की त्या दोन पानांवर हात ठेवा. तिथून पुढचं काम सुरू करा, आणि ते करताना खुन्याला पहिल्या तीन प्रकरणांत एकदा तरी कुणाच्या घरी चहा पिताना बसवा.